सिंबा आणि परिवार

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दाराच्या कडीला एक कापडी पिशवी अडकवलेली होती. बेल वाजली नव्हती, किंवा वाजली असेल तर मिक्सरच्या आवाजात मला ऐकू आली नसेल. भुंगा मात्र दाराच्या फटीला नाक लावून बराच वेळ शेपूट हलवत उभा होता, म्हणजे कोणीतरी ओळखीचं येऊन गेलं होतं. अनोळखी असतं तर त्यानं इमारत डोक्यावर घेतली असती. पिशवीत दोन डबे, एक स्टीलचा, एक प्लास्टिकचा. मी हात पुसून चिठ्ठी शोधेपर्यंत अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्टीलचा डबा उघडून पाच-सहा शंकरपाळी संपवलीही होती. "कडक आहेत जरा, पण चव चांगली," ते म्हणाले. "गोड अगदी बेतानं घातलंय. डायबेटिसवाल्यांचा विचार करणारं कोणीतरी दिसतंय." मग पिशवीच्या तळाशी चिठ्ठी सापडली. निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात: भुंग्याला दिवाळीच्या खूप खूप शुभेच्छा. स्टीलचा डबा भुंग्याचा. नाचणीची शंकरपाळी, मीठ नाही, साखर नाही, मोहन खोबरेलाचं. दुसऱ्या डब्यातला चिवडा घरच्यांसाठी. त्यात बेदाणे आहेत, भुंग्याला चुकूनही देऊ नये. आणि खाली सही: सिंबा आणि परिवार.

अप्पांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही.

प्रश्न असा होता की हा सिंबा कोणता? आमच्या भागात मला माहीत असलेले सिंबा तीन. एक चौकातल्या डॉक्टरांचा लॅब्राडोर, वजनानं आणि स्वभावानं दोन्हींनी भारी. दुसरा नदीकडच्या सोसायटीतला, पिवळसर, लांब केसांचा, जो कुणाच्याही अंगावर पुढचे दोन पाय टाकून उभा राहतो. तिसरा इस्त्रीवाल्याच्या टपरीखाली झोपणारा गावठी. त्याच्या कानाला पालिकेच्या नसबंदीची त्रिकोणी चीर आहे आणि गळ्यात कुणीतरी बांधलेला लाल गोफ. तिघांच्याही 'परिवारा'शी माझी रोजची ओळख, आणि तिघांपैकी एकाचंही आडनाव मला माहीत नाही. पुण्यात हे तसं नवलच. इथं बसमध्ये शेजारी बसलेला माणूसही दुसऱ्याच प्रश्नाला आडनाव विचारतो आणि तिसऱ्याला "म्हणजे मूळचे कुठले?" पण सकाळी म्हातोबाच्या टेकडीवर कुत्री घेऊन चढणाऱ्या मंडळींत हा प्रश्न वर्षानुवर्षं येत नाही. माझ्या फोनमध्ये माणसं अशी साठवलेली आहेत: ब्रूनोची आई, कोको बाबा टेकडी, लकीचे काका गुडघा. मी स्वतः किमान दहा फोनांत 'भुंग्याची आई' असणार. ब्रूनोच्या आईची बायपास झाली तेव्हा आम्ही पाच-सहा जण भेटायला इस्पितळात गेलो आणि रिसेप्शनपाशी पेशंटचं नाव काय सांगायचं यावर एकमेकांची तोंडं बघत उभे राहिलो.

आभाराचं एक वेळ भागतं. खरी अडचण डब्याची. आपल्याकडे आलेला डबा मोकळा परत जात नाही, आणि डबा परत करायचा तर घर माहीत पाहिजे. डबा उलटा करून पाहिला. जुन्या पद्धतीनं तळाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं: कुणाच्या तरी मुंजीप्रीत्यर्थ, १९९१, आणि एक आडनाव. त्या आडनावाचं मला कोणी आठवेना. शिवाय मुंजीत आलेली भांडी तीस वर्षांत किती घरं फिरतात हे आपण सगळेच जाणतो. शेवटी मी सरळ तिन्ही सिंबांचे आभार मानले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, त्यात काय एवढं!" नदीकडच्या सिंबाच्या बाबांनी हात जोडून "तुम्हालाही, तुम्हालाही" केलं. इस्त्रीवाला नुसता हसला आणि म्हणाला, "भुंग्याला आवडलं ना?" तिघांपैकी एकानंही "आम्ही नाही दिलं" असं म्हटलं नाही. डबा अजून माझ्या ओट्यावर आहे.

आमच्या मंडळींचा वॉट्सॅपवर एक ग्रुप आहे. एरवी त्यावर काय चालतं ते बाहेरच्या माणसाला वाचवणार नाही. गोचिड्या कशानं जातात, कालची शी पातळ होती की घट्ट, कोणता डॉक्टर घरी येऊन नखं कापतो, आणि या सगळ्यावर फोटो. पण वसुबारस आली की भाषा बदलते. इतर ग्रुपांवर पणत्यांची चित्रं, 'ही दिवाळी आपणास सुखसमृद्धीची' वगैरे सुरू होतं. आमच्याकडे शुभेच्छा अशा येतात: पट्ट्यावर फोन नंबर लिहिलाय का ते आज बघून घ्या. शेवटचा फेरा सातच्या आत उरका. दार उघडताना आधी कुत्रा कुठंय ते बघा. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर आवाज सुरू व्हायच्या आधी द्या, नंतर उपयोग नाही. आणि लक्ष्मीपूजनाच्या दुपारी हमखास कोणीतरी लिहितं, 'आजची रात्र शांत जावो.' त्याला वीस-पंचवीस जण हात जोडतात. जग एकमेकांना भरभराट चिंतत असताना ही पंचवीस माणसं एकमेकांना एवढंच चिंततात की रात्र निभावून जावी. मला ही शुभेच्छा बाकी सगळ्यांपेक्षा खरी वाटते, कारण पाठवणारा काय मागतोय हे त्याला नेमकं ठाऊक असतं.

भुंग्याची दिवाळी वॉशिंग मशीनच्या मागे जाते. आमच्या घरात बाथरूम एकच, आणि त्यात मशीन व भिंत यांच्यामध्ये वीतभर फट. त्या फटीत पंचवीस किलोचं जनावर कसं मावतं हे मला कधी कळलेलं नाही. पहिला सुतळी बॉम्ब वाजला की तो आधी कान मागे टाकतो, मग जांभया देतो. जांभई म्हणजे झोप नव्हे हे कुत्रं पाळल्यावरच कळलं. मग जीभ लांब बाहेर, धाप, फरशीवर पंजांचे ओले ठसे. कुत्र्याला घाम फक्त तळव्यांनाच येतो. माणसाला फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला चाळीस हजारांच्या पुढचंही. म्हणजे आपण कानांवर हात ठेवतो तो आवाज त्याच्यापर्यंत पोचताना आणखी काय काय घेऊन येत असेल ते आपल्याला ऐकून कळणं शक्यच नाही. फटाका वाजतो तिथपासून चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज नको असा नियम आहे. पट्टी घेऊन चार मीटर मोजणारा माणूस मात्र मी अजून पाहिलेला नाही. मी बाथरूममध्ये स्टूल टाकून बसते, नळ बारीक सोडते, एक्झॉस्ट पंखा चालू ठेवते आणि त्याच्या छातीभोवती माझी जुनी सुती ओढणी घट्ट गुंडाळते. ओढणीखाली त्याचं काळीज धडधडत असतं. बाहेर कंदील, रांगोळ्या, नवे कपडे, आणि आत मी, बादली, मग आणि तो.

आणि तरीही मला फटाक्यांच्या दारूचा वास आवडतो. हे ग्रुपवर लिहायची सोय नाही. साताऱ्याच्या वाड्यात गच्चीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही लवंगीच्या माळा उन्हात वाळवायचो, एकेक सुटी करायचो, आणि पहाटेच्या थंडीत, केसांना तेल, अंगाला उटण्याचा वास, पहिली माळ कोण लावणार यावर मारामारी व्हायची. वाड्यात तेव्हा मोत्या होता. पाळलेला असा नाही, होता. वसुबारसेपर्यंत असायचा आणि मग नाहीसा व्हायचा. तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे खंगलेला, चिखलानं माखलेला परत यायचा आणि आल्या आल्या पायरीवर झोपायचा. "मोत्या भाऊबिजेला बहिणीकडे गेलाय," आजी सांगायची. मला ते इतकं पटलेलं होतं की एका वर्षी मी त्याच्या बहिणीसाठी ओवाळणी म्हणून आठ आणे त्याच्या ताटलीत टाकले होते. तो कुठं जायचा, कसा राहायचा, काय खायचा, हा प्रश्न त्या वाड्यातल्या तीस माणसांत एकालाही पडला नाही. वाईट माणसं नव्हती ती. त्याच माणसांनी पितरपाटात कावळ्याची वाट बघत उपाशी ताटकळायचं, पोळ्याला बैलाचे खूर धुवायचे, नागपंचमीला तवा चुलीवर ठेवायचा नाही. बैल, गाय, नाग, कावळा, सगळ्यांचे आपल्या पंचांगात दिवस आहेत. उंबऱ्यातल्या कुत्र्याचा नाही.

नेपाळात आहे, आणि तो नेमका आपल्या नरकचतुर्दशीला आहे.

त्यांचा तिहार सुरू होतो कावळ्यापासून. त्रयोदशीला काग तिहार, चतुर्दशीला कुकुर तिहार, मग गाईचा दिवस, शेवटी भाऊबीज. कावळा आणि कुत्रा दोघंही यमाच्या पदरचे, म्हणून आधी त्यांचा मान. मला हे छापील माहितीसारखं ठाऊक होतं, ग्रुपवर दरवर्षी काठमांडूचे फोटो फिरतात: झेंडूच्या माळा घातलेली पोलिसांची कुत्री, कपाळभर लाल टिळे. आपले लोक खाली लिहितात, 'आपल्याकडे का नाही?' पण प्रत्यक्ष पाहिलं ते यंदा. शेजारच्या सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन पोखऱ्याकडचा आहे. पहाटे साडेपाचला, सगळीकडून धडाडधूम चालू असताना, मी दूध आणायला खाली उतरले तर हा गडी पार्किंगमध्ये पालथा पडलेला. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेले तर उजवा हात खांद्यापर्यंत एका पांढऱ्या गाडीखाली घातलेला आणि डाव्या हातात स्टीलची वाटी, वाटीत दही-कुंकू-तांदूळ कालवलेले. गाडीखाली त्यांच्या गेटवरची म्हातारी कुत्री होती, आवाजानं आत जाऊन बसलेली. तो तिला नेपाळीत काहीतरी समजावत होता, बोटं पुढं नेत होता, ती आणखी आत सरकत होती. शेवटी हात जिथं पोचला तिथं टिळा लागला, डाव्या कानावर. माळ काही गळ्यात जाईना. मग त्यानं ती चाकाला टेकवून ठेवली, शेजारी कागदावर उकडलेलं चिकन आणि घरी तळलेली गोल सेल रोटी ठेवली, उठून शर्टावरची धूळ झटकली आणि मला म्हणाला, "दीदी, गाँव में तो सब खुद चलके आते हैं." त्याच्या गुडघ्यांवर ऑइलचे डाग पडले होते. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून कोणीतरी पेटती माळ खाली सोडली.

एकच तिथी, एकच पहाट. तिकडे माळ म्हणजे झेंडूची, इकडे माळ म्हणजे हजाराची.

वर आले तर अप्पा बाथरूमच्या दाराशी पंचा खांद्यावर टाकून उभे. त्यांना अभ्यंगस्नान करून यमतर्पण करायचं होतं. ते दरवर्षी करतात, यमाची चौदा नावं घेऊन पाणी सोडतात. आणि आत मशीनमागे भुंगा. "हा हलत नाही," अप्पा तक्रारीच्या सुरात म्हणाले. भुंगा काळा आहे आणि दोन्ही डोळ्यांवर भुवईच्या जागी एकेक तांबूस ठिपका आहे, आपल्याकडच्या कितीतरी गावठी कुत्र्यांना असतो तसा. लांबून चार डोळे वाटतात. ऋग्वेदात यमाच्या वाटेवरचे दोन कुत्रे आहेत, सरमा या देवांच्या कुत्रीची पिल्लं, चार डोळ्यांची. ज्या ऋषीनं ते लिहिलं त्याच्या गोठ्यापाशी असंच एखादं ठिपकेवालं बसलेलं असणार याबद्दल मला शंका नाही. तर यमाच्या वाटेवरचा पहारेकरी आत मोरीत, आणि यमाला पाणी द्यायला निघालेले अप्पा बाहेर. शेवटी अप्पांनी त्याच्या देखतच आंघोळ केली. उटण्याचे शिंतोडे उडाले तरी तो जागचा हलला नाही. बाहेर येऊन म्हणाले, "अगं, थरथरतोय तो. हे बरं नाही." अप्पा त्याच्याबद्दल एवढं बोलले, ही मोठीच गोष्ट. भुंगा घरात आला तेव्हा महिनाभर ते त्याला "तुमचं ते" म्हणत होते.

याच सरमेची एक गोष्ट महाभारताच्या अगदी आरंभी येते. जनमेजयाचा यज्ञ चालू आहे, तिथं एक कुत्रा येतो, जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो. आई विचारते, तू काही आगळीक केली असशील. तो म्हणतो, मी हवीकडे, म्हणजे यज्ञात अर्पायच्या अन्नाकडे, पाहिलं नाही, चाटलंही नाही. मग ती आई यज्ञमंडपात जाऊन राजाच्या भावांना जाब विचारते, माझ्या पोराला का मारलं? कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती जनमेजयाला शाप देते: तुझ्यावर न दिसणारं भय येईल. शेवटच्या टोकाला, स्वर्गाच्या वाटेवर, युधिष्ठिर कुत्र्याला सोडून रथात चढायला नकार देतो, ते सगळ्यांना पाठ असतं. सुरुवातीचा हा मार खाल्लेला कुत्रा फारसा कोणाला आठवत नाही. मला मात्र बाथरूममध्ये बसल्या बसल्या तो शाप राहून राहून आठवला. न दिसणारं भय. राजाला दिलेला शाप वर्षातून चार दिवस कोणावर येऊन पडतो ते ओढणीखालच्या धडधडीवर हात ठेवला की कळतं.

यंदाची दिवाळी कुत्रेवाल्यांची तशीही जडच होती. २०२५च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे दोन आदेश आले. ११ तारखेचा, सगळी उचलून निवाऱ्यात नेण्याचा, आणि २२ तारखेचा, नसबंदी आणि लस झालेली त्यांच्या जागी परत सोडण्याचा, पिसाळलेली आणि हल्लेखोर वगळून. त्यातच हेही होतं की रस्त्यावर वाटेल तिथं खायला घालायचं नाही, वॉर्डावॉर्डात जागा ठरवून द्यायच्या. त्यावरून ग्रुपवर अशी जुंपली की दोघं जण सोडून गेले. मी स्वतःही कोणत्याच बाजूला धड नव्हते. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरचं कुत्रं चावलं. पोटरीला चार दात, इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स. रेबीज एकदा दिसायला लागला की डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काही उरत नाही, हे त्या आईनं रात्ररात्र जागून वाचलेलं आहे. ती भुंग्याकडे बघते तेव्हा तिला भुंगा दिसत नाही, ती पोटरी दिसते. तिच्याशी वाद घालणारे आमचे काही मित्र मला निष्ठुर वाटतात. जिन्यात ती दिसली की मी पट्टा आखडून भिंतीकडे होते, ती मान हलवते आणि निघून जाते. पाडव्याला मात्र तिनं मुलाला सांगून ठेवलं होतं, बॉम्ब मैदानात जाऊन लाव, इथं खाली नको. हे मला त्या मुलानंच सांगितलं, तेही वैतागून. तिनं ते भुंग्यासाठी केलं की वर झोपलेल्या तान्ह्या भाचीसाठी, मी विचारलं नाही.

या वादात सगळ्यात जास्त ऐकून घेतलं ते ताईंनी. ताई म्हणजे रोज रात्री नऊला स्कूटरवर दोन पातेली घेऊन निघतात त्या. तांदूळ, हळद, चिकनवाल्याकडचे पाय आणि मुंड्या. नसबंदीची कुत्री पकडायला पालिकेची गाडी येते तेव्हा ती जवळ येतात ती ताईंच्या हाकेवर, आणि परत सोडली की टाके बघायला जातात त्याही ताईच. तरी लोकांना दिसतात ती फक्त पातेली. दिवाळीत मी त्यांना शुभेच्छांचा मेसेज पाठवला, मनापासून, चार ओळींचा. उत्तर आलं: 'शुभेच्छा राहू द्या. दिवाळीत चिकनवाल्याकडे गिऱ्हाईक नाही, पाय मिळत नाहीत. अंडी पाठवता का?' मी दोन ट्रे अंडी पाठवली. पोच नाही. ताई अशाच आहेत, आणि एवढ्या कुत्र्यांचं करणाऱ्या बाईकडे 'थँक यू' म्हणण्याइतका वेळ उरत नसावा असं मी म्हणते. लकीच्या काकांच्या मते हा नुसता उर्मटपणा आहे. दोन्ही खरं असेल.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री कोको पळाली. पूजेला पाहुणे आले, दार उघडं राहिलं, समोरच लक्ष्मी बॉम्ब फुटला आणि ती पाहुण्यांच्या पायांतून जिना उतरून गेली. पावणेनऊला ग्रुपवर फोटो आला. त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. साड्या-झब्ब्यांत, हातात टॉर्च आणि खाऊच्या पुड्या घेऊन माणसं रस्त्यावर. ग्रुप सोडून गेलेले दोघंही आले. त्यांना कोणी कळवलं ते माहीत नाही. फटाक्यांच्या धुरात "कोकोऽऽ" अशा हाका, मधेच प्रत्येक गाडीखाली वाकून बघणं, आणि येणारे-जाणारे विचारायचे, लहान मुलगी हरवलीय का? रात्री दीडपर्यंत शोधलं. ती सापडली भाऊबिजेला, वारज्याच्या बाजूला. एका रिक्षावाल्यानं पट्ट्यावरचा नंबर बघून फोन केला. ती आदल्या रात्रीपासून त्याच्या रिक्षेच्या मागच्या सीटवर चढून बसली होती आणि उतरायला तयार नव्हती. कोकोच्या बाबांनी त्याच्यासमोर पाकीट धरलं तर तो म्हणाला, "बक्षीस नको. मला कुत्री आवडतच नाहीत. सीट कव्हर धुवायचे दोनशे द्या तेवढे." आणि मोजून दोनशेच घेतले, वरचे परत केले.

कुत्र्याचे आभार मानायची सोय नाही, हीच यात गंमत आहे. भुंगा आईच्या आजारपणात माझ्या पायाशी रात्रभर बसला, त्याला मी काय देणार? चार बिस्किटं, आणि ती त्याला एरवीही मिळतात. मग ते देणं आपण कुठंतरी फेडत फिरतो. सिंबाचा परिवार भुंग्याला शंकरपाळी धाडतो, ती अप्पा खातात. मी तीन घरी आभार मानते, त्यांतली निदान दोन चुकीची. वॉचमनचा टिळा कपाळाऐवजी कानावर लागतो. कोकोच्या बाबांनी तर आपल्या गॅलरीतून दिसणाऱ्या झाडून सगळ्या रिक्षावाल्यांना मिठाई वाटली, कारण त्या एकाचा नंबर घ्यायचं गडबडीत राहून गेलं. आपल्या पोस्टातलं जुनं टपाल असं फिरत फिरत, तीन-तीन शिक्के खात पोचायचं, तसं हे पोचतं. कधी पोचतही नाही, आणि ज्याच्या हातात पडतं तो ते ठेवून घेतो. मला त्यात काही बिघडलंय असं वाटत नाही. पत्ता चुकला म्हणून चिवड्याची चव काही कमी झाली नव्हती.

चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी भरतात. कुलदैवत जेजुरीचं. खंडोबाच्या बरोबर कुत्रं असतंच, टाकावरसुद्धा घोड्याच्या पायाशी ते असतं, आणि त्याच्या वाघ्यांनी तर स्वतःला देवाची कुत्री म्हणवून घेतलं, भुंकून कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षापात्रातलं, खाल्लं. म्हणून नैवेद्यातला वाटा कुत्र्याला काढायचा. म्हणजे पंचांगात अगदीच दिवस नाही असं मी वर म्हटलं ते तितकंसं खरं नाही. खंडोबावाल्यांनी एक घास राखलेला आहे. अडचण एवढीच की तो घास म्हणजे वांग्याचं भरीत, पातीचा कांदा आणि लसूण, आणि कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. भुंगा आल्यापासून यावर सासूबाईंची आणि माझी दरवर्षी एक फेरी होते. "देवाच्या कुत्र्यांनी शेकडो वर्षं खाल्लं, त्यांना काही झालं नाही," त्या म्हणतात. "आई, ती सांगायला आली नाहीत," मी म्हणते. यंदा त्यांनी आपणहून तोडगा काढला. देवाला सगळं साग्रसंगीत, आणि कुत्र्यांच्या वाट्याचा नुसता रोडगा, गुळाचा खडा घालून. भंडारा उधळला, येळकोट झाला, भुंग्याच्या पाठीवर पिवळं पडलं, आणि त्यानं रोडगा कपाटाखाली नेऊन लपवला. परातीत कणीक बरीच उरली होती. "त्या तुझ्या स्कूटरवाल्या बाई आहेत ना, त्यांच्याकडे दे," सासूबाई म्हणाल्या आणि गॅससमोर उभ्या राहून आणखी पंधरा रोडगे भाजले. अप्पांनी ते वर्तमानपत्रात बांधले आणि स्वतः खाली जाऊन ताईंच्या हातात दिले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

रात्री साडेदहाला ताईंचा मेसेज आला. 'रोडगे फार कडक होते. म्हाताऱ्या कुत्र्यांना चावत नाहीत. पुढच्या वेळी ताकात भिजवून द्या, आणि गूळ नको.'